थोडथोडा खर्च आणि थोडथोडें कर्ज

संसारांतील पैसा कोठें जातो असें कोणास विचारिलें, तर बहुतेक जण लग्न, आजारपण, घराची डागडुजी अशा मोठ्या खर्चांकडे बोट दाखवितात. हे खर्च डोळ्यांत भरतात, म्हणून ते ध्यानांत राहतात. परंतु जो पैसा दररोज दहा-वीस रुपयांनीं हातांतून निसटतो, त्याची आठवण संध्याकाळपर्यंतहि राहत नाहीं. या पाठांत आपण त्या दुसऱ्या पैशाचा विचार करूं.

ही गोष्ट नवी नाहीं. 1875 सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं सावकारांविरुद्ध दंगा सुरू झाला व तो पुणें आणि नगर या जिल्ह्यांत पसरला. ठिकठिकाणीं शेतकऱ्यांनीं कर्जरोखे हस्तगत करून जाळून टाकिले. पुढें सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमिलें. शेतकरी लग्नकार्यांत पैसा उधळतो म्हणूनच कर्जांत बुडतो, असा तेव्हां पुष्कळांचा समज होता. कमिशनला निराळेंच आढळलें. लग्नाच्या खर्चास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें; धान्य, बीं, बैल व सरकारी सारा यांसाठीं वारंवार काढलेल्या लहान लहान रकमाच कर्ज अधिक वाढवितात, असें त्यांनीं नमूद केलें. थेंबे थेंबे तळें सांचतें तें असें कर्जाचेंहि सांचतें.

गरिबीचें सर्व कारण गरिबाचा खर्च होय, असें आम्ही म्हणत नाहीं. पाऊस, बाजारभाव आणि मजुरीचे दर हे आपल्या हातीं नाहींत. परंतु जेवढें आपल्या हातीं आहे, तेवढें तरी सोडूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

हिशेब मांडून पाहा

समजा, एक गृहस्थ नाक्यावरील हॉटेलांत दररोज दोन वेळ चहा घेतो. दहा रुपयांस एक याप्रमाणें दिवसाचे 20 रुपये, महिन्याचे 600 आणि वर्षाचे 7,300 रुपये झाले. आतां जून महिना येतो. बीं व खत यांसाठीं त्यास 7,000 रुपये पाहिजेत आणि गांठीं कांहीं नाहीं. तो शेकडा पांच रुपये दरमहा व्याजानें रक्कम उचलितो. असें व्याज म्हणजे वर्षास शेकडा 60 होय. सहा महिन्यांनीं पीक घरीं येतें, तेव्हां त्यास 2,100 रुपये व्याजासह 9,100 रुपये द्यावे लागतात. केवळ व्याजाची ही रक्कम त्याच्या साडेतीन महिन्यांच्या चहाइतकी आहे! ज्या पैशानें बीं विकत आलें असतें, तो पैसा वर्षभर त्याच्याच हातांतून गेला. आणि त्याच्या अभावीं त्यास दुसऱ्याचा पैसा महाग घ्यावा लागला.

खर्चाचे तीन प्रकार

एक साधी वही करावी. तींत महिनाभर प्रत्येक खर्च त्याच रात्रीं लिहावा व त्यापुढें तीन शब्दांपैकीं एक मांडावा: गरज, सवय किंवा भीड. पीठ, मीठ, औषध, मुलांची वही ही गरज. तंबाखू, विडी, पान, हॉटेलांतील चहा ही सवय. आणि चारचौघांत आपण मागें दिसूं नये म्हणून सर्वांच्या चहाचे पैसे देणें, शेजाऱ्यानें आणिली म्हणून तशीच वस्तु हप्त्यानें आणणें, ही भीड. भिडेचा खर्च सर्वांत कठीण; कारण तो मोडतांना लाज वाटते. पण ज्यांच्या भिडेनें आपण खर्च करितों, ते आपला हप्ता भरावयास येत नाहींत. अंथरूण पाहून पाय पसरण्यांत कोणतीच लाज नाहीं.

कोणत्या सवयी बदलाव्या

तंबाखू व मिसरी यांवरील खर्च प्रथम तोडावा. त्यांनीं पैसा जातो आणि तोंडाच्या कर्करोगाचें भयहि असतें. गुटख्यास तर महाराष्ट्रांत 2012 सालापासून बंदी आहे.

वाणसामान घेतांना किंमत व वजन दोन्ही वाचावीं. मोठा पुडा नेहमींच स्वस्त पडतो असें नाहीं; शांपूची लहान पुडी कित्येकदां बाटलीपेक्षां स्वस्त पडते. भागाकार करूनच ठरवावें. मुलांस चिप्सच्या पुडीऐवजीं घरचे भाजलेले शेंगदाणे द्यावे.

ज्या घरीं अजून जुना तारेचा 60 वॅटचा बल्ब आहे, तेथें तो दररोज पांच तास जळला तर महिन्यास 9 युनिट वीज लागते. 9 वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटहि लागत नाहीं.

वाचलेल्या पैशास जागा द्या

येथेंच पुष्कळांची चूक होते. चहा सोडिला, पण ते दहा रुपये खिशांतच राहिले, तर संध्याकाळीं ते दुसऱ्या वाटेनें जातात. म्हणून जो खर्च टाळिला, तो त्याच दिवशीं डब्यांत टाकावा आणि डबा ठरलेल्या दिवशीं रिकामा करून रक्कम सुरक्षित ठिकाणीं भरावी. गांवीं बचत गट असेल तर उत्तम. अशा गटांस बँकांशीं जोडण्याचें काम नाबार्डनें 1992 सालीं आरंभिलें. त्यामुळें नियमित बचत करणाऱ्या गटास बँकेचें कर्जहि मिळूं शकतें. पोस्टांत दरमहा 100 रुपयांपासून पांच वर्षांचें आवर्ती खातें उघडतां येतें. दिवसाला दहा रुपये, म्हणजे महिन्यास 300 रुपये भरिले, तर पांच वर्षांत 18,000 रुपये होतात. आणि 2023 च्या ऑक्टोबरापासून लागू झालेल्या शेकडा 6.7 या दरानें व्याजासह सुमारें 21,400 रुपये हातीं येतात. दर सरकार वेळोवेळीं बदलतें. म्हणून खातें उघडतांना विचारून घ्यावें.

काटकसर आणि कंजुषी

मुलाचें दूध, आजाऱ्याचें औषध किंवा शाळेची फी तोडून केलेली शिलक ही काटकसर नव्हे. त्याचप्रमाणें पत्नीनें तेलाचा थेंब मोजावा आणि पतीची तंबाखूची डबी भरलेलीच राहावी, ही काटकसर नव्हे, अन्याय होय. वही उभयतांनीं मिळून लिहावी आणि पहिला खर्च ज्यानें त्यानें आपला स्वतःचा कमी करावा.

शिकविणाऱ्यांस सूचना. सायंकाळीं मंडळी जमली असतां हा पाठ वाचून दाखवावा व पुढील प्रश्न विचारावे. कोणाच्या घरचा खर्च चारचौघांत उघड करावयास लावूं नये; प्रत्येकानें आपला हिशेब आपल्या घरीं मांडावा.

1. काल तुम्ही केलेल्या खर्चांपैकीं गरजेचे किती, सवयीचे किती व भिडेचे किती?
2. दररोजचे 15 रुपये वाचविले तर वर्षास किती होतील?
3. 5,000 रुपयांवर शेकडा तीन रुपये दरमहा याप्रमाणें आठ महिन्यांचें व्याज किती?
4. येत्या जून महिन्यास तुम्हांस किती रक्कम लागेल, आणि ती आजपासून सांचविण्यास दररोज किती बाजूस काढावे लागतील?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें. ज्या वर्षीं बियाण्याची पिशवी स्वतःच्या पैशानें घरीं येईल, त्या वर्षीं पिकांतील व्याजाचा वांटा घरांतच राहील.