खानेसुमारीतील धर्माचा रकाना

भूगोलाच्या पुस्तकात कोणत्याही देशाचे प्रकरण उघडले की शेवटी एक ठराविक कोष्टक आढळते. लोकसंख्या इतकी, अमुक धर्माचे लोक शेकडा इतके, तमुक धर्माचे इतके. विद्यार्थी ते पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. हे आकडे कसे तयार होतात, हे या लेखात पाहावयाचे आहे. आणि त्यासाठी प्रथम दूरचा देश न घेता आपला बालाघाट जिल्हाच घेतलेला बरा.

भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून १८६७ साली हा जिल्हा निर्माण झाला. १९०१ च्या खानेसुमारीत येथे ३,२६,५२१ माणसे मोजली गेली. ही संख्या दहा वर्षांपूर्वीच्या संख्येहून शेकडा १५ ने कमी होती, कारण मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ येऊन गेले होते. २०११ साली हीच संख्या १७,०१,६९८ झाली. (मध्यंतरी जिल्ह्याच्या हद्दीत थोडा फरक पडला, हे ध्यानात ठेवावे.) त्यांत स्त्रिया ८,५९,५२० आणि पुरुष ८,४२,१७८, म्हणजे हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया. त्या वर्षी साऱ्या मध्य प्रदेशात हे प्रमाण ९३१ होते व बालाघाटचा क्रमांक राज्यात पहिला होता.

माणसे मोजणे त्यामानाने सोपे. धर्म मोजणे अवघड. खानेसुमारीच्या पत्रकात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि जैन या सहा धर्मांना स्वतंत्र क्रमांक असतात; बाकीचे सारे 'इतर धर्म व पंथ' या एका सदरात जातात. प्रगणकाने कोणाच्या धर्माची परीक्षा घ्यावयाची नसते, नावावरून तर्कही करावयाचा नसतो. सांगितलेले उत्तर लिहून घ्यावयाचे, एवढेच त्याचे काम. म्हणून कोष्टकात आपणांस दिसतात ती लोकांची उत्तरे. श्रद्धा मोजण्याचे माप अद्याप कोणाला सापडलेले नाही.

उत्तर बदलले की आकडा कसा बदलतो, याचे उदाहरण आपल्या शेजारीच घडले. १९५१ साली महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. मध्य प्रदेशात ती सुमारे ३ हजारांवरून १ लाख १३ हजारांवर गेली. जन्माने अशी वाढ दहा वर्षांत होणे शक्यच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्याचा हा परिणाम. नागपूर बालाघाटपासून फार दूर नाही; वैनगंगेच्या खोऱ्यातील कितीतरी कुटुंबांचे उत्तर त्यानंतर बदलले.

परंतु सर्वांनीच ते बदलून लिहिले असे मात्र नाही. अनुसूचित जातींच्या सवलती १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. त्या पुढे शिखांना मिळाल्या आणि बौद्धांना १९९० साली. घरात बुद्धाची प्रतिमा, पण सरकारी कागदावर 'हिंदू' ही नोंद, असे कुटुंब त्या चौतीस वर्षांत विरळ नव्हते. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी ज्या बापाला असे लिहावे लागले, त्याला खोटा म्हणण्यास आम्ही तयार नाही.

बैहरच्या पठाराकडील गोष्ट आणखी निराळी. तेथील गोंड बांधव साजाच्या झाडाशी बडादेवाला पुजतात. १९०१ च्या गणनेत अशा लोकांसाठी 'ॲनिमिस्ट' नावाचे सदर होते. साहेबाने दिलेले हे नाव कोणाही गोंडाने स्वतःसाठी वापरले नसेल. स्वातंत्र्यानंतर ते सदर गेले. आता कोणी 'हिंदू' सांगतो, कोणी 'गोंडी' सांगतो. गोंडी सांगणारा 'इतर'मध्ये मोजला जातो. २०११ साली देशभर असे सांगणारे सुमारे १० लाख निघाले. एकाच देवाला पुजणारे दोन भाऊ अशा रीतीने कोष्टकाच्या दोन टोकांना जाऊन बसतात. भाषेच्या रकान्यातही असेच घडते. आपल्या जिल्ह्यातील पोवारी बोलणारा मनुष्य तेथे हिंदीखाली मोजला जातो. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आमच्यासारख्यास या रकान्यांची अडचण चांगलीच ठाऊक आहे!

आता ब्रह्मदेशाकडे, म्हणजे आजच्या म्यानमारकडे वळू. नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी हे मूळचे तेथील आराकान प्रांताचे. स्वतः बाबासाहेबही डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. या देशाने २०१४ साली खानेसुमारी घेतली. लोकसंख्या सुमारे ५ कोटी १५ लक्ष भरली. त्यांत बौद्ध शेकडा ८७.९, ख्रिस्ती ६.२, मुसलमान ४.३ आणि हिंदू ०.५.

परंतु प्रत्यक्ष मोजलेल्या लोकांत मुसलमानांचे प्रमाण शेकडा २.३ एवढेच होते. मग ४.३ कोठून आले? आराकान प्रांतात, ज्याला आता राखाइन म्हणतात, जे लोक स्वतःला 'रोहिंग्या' म्हणवीत, त्यांचे ते उत्तर लिहून घेण्यास नकार देण्यात आला आणि त्यांना मोजलेच गेले नाही. अशा सुमारे १० लक्ष ९० हजार माणसांचा नंतर केवळ अंदाज केला गेला. धर्माचे आकडे तर दोन वर्षे दाबून ठेवून २०१६ साली प्रसिद्ध केले. बालाघाटात उत्तर कोणत्या सदरात घालावे हा प्रश्न आहे. राखाइनमध्ये उत्तर देणारा मनुष्यच पत्रकाबाहेर राहिला. २०२४ साली तेथे यादवी चालू असताना पुन्हा गणना झाली. जाहीर झालेल्या ५ कोटी १३ लक्ष लोकसंख्येपैकी सुमारे १ कोटी ९१ लक्ष माणसे अंदाजानेच धरलेली आहेत.

आपल्याकडील २०२१ ची खानेसुमारी कोविडच्या साथीमुळे लांबणीवर पडली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही तिथी ठरविण्यात आली असून तीत जातीचीही नोंद व्हावयाची आहे. अशा वेळी बहुधा घरातील कर्ता पुरुष ओटीवर बसून सर्वांची उत्तरे एकट्याने देऊन टाकतो. वास्तविक कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच साऱ्यांचा धर्म असे प्रगणकाने गृहीत धरू नये, असा नियम आहे. प्रश्न घराला नसून घरातील प्रत्येक माणसाला आहे. माजघरात बसलेल्या आजीलाही.