पीट जमीन व पाण्याची राखण

पाण्याखालीं हजारों वर्षें अर्धवट कुजून सांचलेल्या झाडपाल्याच्या जमिनीस ‘पीट’ म्हणतात. इंडोनेशियांतील मध्य कालीमंतान प्रांतांत १९९६ सालीं भातासाठीं सुमारें १० लक्ष हेक्टरांच्या योजनेंत अशा जमिनींतून कालवे खणण्यांत आले. पाणी ओसरलें, पीट वाळलें व १९९७ सालीं पेटलें. योजना सोडून द्यावी लागली. परंतु गेलेलें अरण्य परत आलें नाहीं.

वाळलेलें पीट जमिनीखालीं धुमसत राहतें. न जळलें तरी हवेनें कुजून खचतें. तेथील नियमान्वयें लागवडीच्या पीट जमिनींत पाणी ४० सेंटिमीटरहून खोल गेल्यास जमीन बिघडली असें समजतात. म्हणून कालव्यांस बांध घालितात. परंतु ग्रामस्थांच्या होड्या त्याच कालव्यांतून जातात. वाट अडली कीं बांध फोडला जातो. यास्तव बांधाची जागा व होडीची वाट ग्रामस्थांच्या संमतीनेंच ठरवावी. तसाच बांध टिकतो.