हातातला क्लब शरीराला काय शिकवतो

पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर काय किंवा मुंबईत चेंबूरला काय, हौशी गोल्फर जमले की बोलणं दोन विषयांवर येतं: स्विंग का बिघडला, आणि नवा ड्रायव्हर कोणता घ्यावा. पहिला प्रश्न कोचला विचारायचा, दुसरा दुकानदाराला, अशी सरळ वाटणी झालेली असते. मी चाळिशीत दिरांच्या जुन्या सेटवर हा खेळ शिकले, पुढे स्वतःच्या मापाचे क्लब करून घेतले, आणि आता नव्याने येणाऱ्या मैत्रिणींना सोबत म्हणून फिटिंगला जाते. एवढ्या वर्षांत मनात एक गोष्ट पक्की बसली आहे की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. ते कसं, ते पुढे सांगते.

१. चुकीच्या मापाचा क्लब चुकीचा स्विंग शिकवतो.

शरीर फार हुशार असतं. हातात बेमापाचा क्लब दिला तरी चेंडू सरळ पाठवायची काही ना काही युक्ती ते शोधून काढतं. हळूहळू ती युक्तीच आपला स्विंग होऊन बसते.

पुरुषांचा तयार सेट साधारण पाच फूट नऊ-दहा इंच उंचीचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो. आपल्याकडचा सरासरी पुरुष साडेपाच फुटांच्या आसपास, आणि बायका त्याहून लहान चणीच्या. त्यांच्या हातात हा क्लब लांब पडतो. हात खाली राहतात, शाफ्ट आडवा होतो आणि क्लबच्या डोक्याचं टोक, म्हणजे टो, जमिनीवरून उचललं जातं. टो वर गेला की लॉफ्टमुळे, म्हणजे तोंडाच्या मागे झुकलेल्या कोनामुळे, क्लबचं तोंड आपसूक डावीकडे बघू लागतं. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी सांगते आहे, डावखुऱ्यांनी उलट समजावं.) लॉफ्ट जितका जास्त तितका हा परिणाम मोठा. म्हणून नऊ नंबरचं आयर्न आणि वेज नेमाने ग्रीनच्या डावीकडे पडत राहतात.

मग शरीर आपला उपाय काढतं. अगदी शेवटच्या क्षणी मनगटं रोखून धरतं, तोंड बंद होऊ देत नाही. आयर्न सरळ जायला लागतात. पण पुढच्या टीवर हातात ड्रायव्हर येतो. त्याचा लॉफ्ट जेमतेम दहा-बारा अंश, त्यामुळे लाय अँगल, म्हणजे शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन, चुकल्याचा परिणाम त्याच्यावर फारसा नाही. मनगटं मात्र सवयीने रोखलेलीच राहतात. तोंड उघडं राहतं आणि चेंडू वळत वळत उजवीकडच्या झाडीत जातो. कोच सांगतो, मनगटं सोडा. ती सोडली की आयर्न पुन्हा डावीकडे. असा खेळाडू कोचचं ऐकत नाही असं सगळ्यांना वाटतं, खरं तर तो बिचारा क्लबचंही ऐकत असतो. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून कुणाला वाचायला शिकवावं, तसला हा प्रकार.

ही गोष्ट पद्धतशीरपणे मांडण्याचं मोठं श्रेय कार्स्टन सोल्हाइम यांचं. नॉर्वेत जन्मलेले, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेले सोल्हाइम चाळिशी ओलांडल्यावर गोल्फकडे वळले. १९५९मध्ये त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवला आणि त्यातून पिंग ही कंपनी उभी राहिली. पिंगच्या आयर्नवर जो रंगीत ठिपका दिसतो तो शोभेचा नसतो. काळा म्हणजे सर्वसाधारण लाय, लाल म्हणजे त्याहून चपटा, निळा म्हणजे काळ्याहून उभा. जुना सेट विकत घेताना आधी हा ठिपका पाहावा.

२. चेंडू कुठे निघाला आणि कुठे वळला, हे वेगवेगळं बघावं.

क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढाच टिकतो. त्या क्षणात जाणीवपूर्वक काही सुधारणं माणसाला शक्य नाही. म्हणून झालेल्या फटक्यातून उलटा माग काढायला शिकावं लागतं.

जुन्या पिढीचे शिक्षक सांगायचे की चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि तोंडाच्या दिशेने वळतो. थिओडोर जॉर्गनसेन या भौतिकशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात गणिताने वेगळंच दाखवलं, आणि पुढे रडारवर चालणाऱ्या लाँच मॉनिटरांनी ते मोजून सिद्ध केलं. चेंडू निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने. ड्रायव्हरच्या बाबतीत या दिशेचा सुमारे ८५ टक्के आणि आयर्नच्या बाबतीत सुमारे ७५ टक्के वाटा तोंडाचा असतो. चेंडू वळतो तो तोंड आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे.

याचा रोजच्या खेळात उपयोग असा. डावीकडे निघून उजवीकडे वळणारा स्लाइस म्हणजे तोंड थोडं डावीकडे आणि स्विंगचा मार्ग त्याहूनही डावीकडे. स्लाइस होतो म्हणून खेळाडू आणखी डावीकडे रोख धरून उभा राहतो, मार्ग आणखी डावीकडे जातो आणि वळण वाढतं. ड्रायव्हिंग रेंजवर हे दृश्य पाहिलं की मला राहवत नाही, ओळख नसली तरी जाऊन सांगते.

एक पथ्य मात्र पाळावं. हा सगळा हिशेब चेंडू तोंडाच्या मधोमध लागला तरच खरा. ड्रायव्हरच्या हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, चेंडू लागला तर स्विंग बरा असूनही तो उजवीकडे वळू शकतो. म्हणून तोंडावर टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा आणि चेंडूचा ठसा कुठे उमटतो ते पाहावं. इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक शिक्षक दुसरा नाही.

३. ग्रिप बसल्याशिवाय फिटिंगला जाऊ नये.

हातांची पकड बदलली की तोंडाची दिशा बदलते, आणि तोंड बदललं की लाय, शाफ्ट, सगळीच मोजमापं बदलतात. आधी काही आठवडे कोचकडे पकड आणि उभं राहणं पक्कं करावं, मग माप घ्यावं. परिपूर्ण स्विंगची वाट पाहत बसायची मात्र गरज नाही, तो दिवस कुणाचाच येत नाही.

पकड पक्की म्हणजे पुस्तकातली पकड असं मी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे सेवसुंकर ‘पापवा’ सेवगोलुम भारतीय वंशाचे कॅडी होते. उजव्या हाताने खेळत, पण डावा हात उजव्याच्या खाली धरत. कुठलाही शिक्षक पहिल्याच दिवशी मोडून काढील अशी ती पकड. ती घेऊन त्यांनी १९५९मध्ये डच ओपन जिंकली, आणि नंतर आणखी दोनदा. वर्णभेदाच्या काळात, १९६३च्या नाताल ओपनचा चषक त्यांना क्लबहाउसच्या बाहेर पावसात स्वीकारावा लागला, कारण आत जायची परवानगी फक्त गोऱ्यांना होती. त्यांच्याविषयी वाचल्यापासून कुणाचीही विचित्र पकड दिसली की मी आधी चेंडू कुठे जातोय ते बघते.

ग्रिपची जाडीही महत्त्वाची. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, पोचतच नसतील तर जाड. मुंबईच्या घामात ग्रिप लवकर गुळगुळीत होते, मग माणूस नकळत घट्ट आवळतो आणि खांद्यापर्यंत सगळं ताठ होतं. भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी घेऊन ती नियमाने धुवावी, आणि झिजली की बदलावी. सबंध सेटच्या ग्रिप बदलायचा खर्च एका नव्या ड्रायव्हरच्या मानाने काहीच नाही.

४. फिटिंगच्या दिवशी आपला नेहमीचा स्विंग घेऊन जावं.

चांगला फिटर आधी बूट घातलेले असताना मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजतो. उंची सारखी असली तरी हात कमीजास्त लांब असतात, म्हणून नुसती उंची पुरत नाही. पण ही फक्त सुरुवात. खरं माप चालत्या स्विंगचं. क्लबच्या तळाला टेप लावून फळीवरून फटके मारायला लावतात, आणि घासल्याची खूण कुठे पडते ते पाहतात. खूण टोच्या बाजूला असेल तर लाय चपटा पडतोय, हीलच्या बाजूला असेल तर उभा. दुसरी सोपी रीत म्हणजे चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढायची. फटक्यानंतर ती तोंडावर उमटते आणि कललेली दिसली की लाय चुकल्याचं कळतं. ज्या ठिकाणी यातलं काहीही न करता पडद्यावरचे आकडे दाखवून सेट विकतात, तिथून मी मैत्रिणींना हात धरून बाहेर आणलं आहे.

शाफ्टचा ताठपणा सांगणाऱ्या अक्षरांना फार मान देऊ नये. आर, एस, एक्स या खुणांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एकच प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ असू शकतो. तरी पुरुषांना एसच हवा असतो, जणू आर म्हणजे कमीपणा. ट्रॅकमॅन या लाँच मॉनिटरच्या मोजणीत पीजीए टूरवरच्या खेळाडूंच्या ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी ११३ मैलांच्या वर जातो, तर हौशी पुरुषांचा ९३च्या आसपास असतो. त्या वेगाला बहुतेकांना आर पुरतो, वजनाने हलका असेल तर आणखी चांगला.

लांबीचंही तसंच. दुकानातला ड्रायव्हर ४५.५ इंचांच्या आसपास असतो. टूरवरचे अनेक खेळाडू त्याहून आखूड वापरतात. ज्यांचं सगळं आयुष्य या खेळावर चालतं ते आखूड क्लब का पसंत करतात, याचा विचार हौशी माणसाने करायला हवा. इंचभर आखूड ड्रायव्हरने चेंडू मधोमध लागतो आणि कागदावर गमावलेलं अंतर फेअरवेवर परत मिळतं.

सोबत आपलं जुनं सात नंबरचं आयर्न न्यावं, म्हणजे तुलना स्वतःच्या क्लबशी होते. आधी अंग मोकळं करावं. सर्वांत लांब गेलेला चेंडू विसरून जावा आणि दहा चेंडू किती रुंद पट्ट्यात पडले ते विचारावं. रेंजवरचे झिजलेले चेंडू कमी जातात, शिवाय पुण्याची हवा उंचीमुळे जरा विरळ असल्याने तोच फटका मुंबईपेक्षा थोडा लांब जातो. म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे आणि गावांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत.

५. क्लबवरचा नंबर सोडून लॉफ्ट विचारावा.

एके काळी सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३४ अंशांच्या आसपास असे. आज काही कंपन्यांच्या सातचा लॉफ्ट २८ अंश असतो. म्हणजे नव्या सेटने वाढलेलं अंतर बऱ्याच अंशी नंबर बदलल्याचं असतं. खरी अडचण खालच्या टोकाला येते. पिचिंग वेज ४४ अंशांचा, सँड वेज ५६चा, आणि मधली जागा रिकामी. ऐंशी-नव्वद यार्डांवरून अर्धवट स्विंग मारत बसावं लागतं, आणि नवशिक्याला सर्वांत अवघड जातो तो हाच फटका. नियमाने पिशवीत चौदा क्लब चालतात, पण चौदा भरायलाच हवेत असं नाही. तीन नंबरचं आयर्न काढून पन्नास अंशांचा वेज घालावा.

६. मॅटवर खोटं लपतं, पावसाळ्यात उघडं पडतं.

रेंजच्या मॅटवर क्लब चेंडूच्या चार बोटं मागे आपटला तरी घसरत पुढे येतो आणि फटका बरा वाटतो. जुलैत मऊ झालेल्या फेअरवेवर तोच क्लब चिखलात रुततो. पावसाळ्यात मी मुद्दाम जास्त खेळते. डिव्हट, म्हणजे फटक्याने उखडलेला खड्डा, चेंडूच्या पुढे सुरू होतो की मागे, एवढंच बघते. एका कॅडीने सांगितलेलं वाक्य मी आजवर बऱ्याच जणींना सांगितलं आहे: “मॅडम, बॉल वर उचलायला जाऊ नका, खालीच मारा. उचलायचं काम क्लब करतो.” कॅडींच्या नजरेवर माझा फार विश्वास आहे. १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकलेले अली शेर दिल्लीच्या कोर्सवर कॅडी होते. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर होते आणि मुलगा बघत बघतच शिकला.

७. नवा सेट परवडत नसेल तर जुना मापाला आणावा.

आयात केलेले क्लब महाग, हे खरं. पण फोर्ज्ड आयर्न एक-दोन अंश वाकवता येतात. कास्ट मात्र कडक असतात, ते कारागिराला विचारूनच. शाफ्ट कापून आखूड करता येतो, फक्त अर्धा इंच कापला तरी क्लबचं डोकं हाताला हलकं लागायला लागतं आणि शाफ्ट किंचित ताठ होतो, हे आधीच ठाऊक असावं. म्हणूनच मोठ्यांचे क्लब कापून मुलांना देऊ नयेत. ते आखूड होतात, पण मुलाच्या ताकदीला जड आणि ताठच राहतात.

८. माप कायमचं नसतं.

साठीनंतर वेग कमी होतो, गुडघे बोलायला लागतात, पाठ पूर्वीइतकी वळत नाही. त्या वयात पूर्वीचाच स्विंग हट्टाने मारत राहणाऱ्यांच्या कंबरेचे हाल मी पाहिले आहेत. हलका शाफ्ट, थोडा जास्त लॉफ्ट, लांब आयर्नच्या जागी हायब्रिड, एवढ्यावर पुढची कित्येक वर्षं आनंदाने खेळता येतं. तरुणांचे क्लबही मॅटवर आपटून आपटून अंशभर सरकतात. म्हणून वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, सगळ्या आयर्नचा लॉफ्ट आणि लाय तपासून घ्यावा. प्रत्येक क्लबचे आकडे एका कागदावर लिहून मागावेत आणि पुढच्या धड्याला जाताना तो कागद कोचच्या हातात द्यावा.