न मोजलेले गुण

अमेरिकेतील बास्केटबॉल संघांमध्ये एक सुंदर प्रथा आहे. एखाद्या खेळाडूने आपल्या संघाची असामान्य सेवा केली, म्हणजे त्याच्या पोशाखावरील क्रमांक पुढे दुसऱ्या कोणालाही दिला जात नाही. तो क्रमांक आणि त्या खेळाडूचे नाव लिहिलेला पट क्रीडागृहाच्या छतापाशी टांगतात. सराव करणाऱ्या नव्या मुलांनी मान वर केली, की आपल्या पूर्वसूरींची नावे त्यांच्या दृष्टीस पडतात.

सॉल्ट लेक सिटी या नगरातील यूटा विद्यापीठाच्या संघानेही असे अनेक क्रमांक जतन केले होते. १९४४ व १९४७ या दोन्ही वर्षी यूटाच्या विजयात वाटा असलेल्या आर्नी फेरिन यांचा क्रमांक त्यांत होता. १९४७ चा विजय गाजवणाऱ्या व्हर्न गार्डनर यांचाही होता. परंतु त्यांच्याच खांद्याला खांदा लावून खेळलेल्या एका खेळाडूचा क्रमांक मात्र तेथे कित्येक वर्षे नव्हता. त्या खेळाडूचे नाव वॅट मिसाका.

मिसाका यांचा जन्म १९२३ साली यूटा राज्यातील ऑग्डेन या गावी झाला. त्यांचे आईवडील जपानहून येऊन तेथे स्थायिक झाले होते. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. वॅट शाळेत असतानाच पितृछत्र हरपले. त्यांच्या आईने धीर सोडला नाही. तोच व्यवसाय पुढे चालवून तिने मुलांना वाढवले. वॅट अंगाने लहानखुरे होते. पूर्ण वाढ झाल्यावरही त्यांची उंची अवघी ५ फूट ७ इंच भरली. बास्केटबॉल हा तर उंच माणसांचा खेळ! परंतु वॅट यांचे पाय विजेसारखे चपळ होते आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ न सोडण्याची त्यांची चिकाटी विलक्षण होती.

ते दिवस युद्धाचे होते. १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पॅसिफिक किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील एक छावणी, टोपाझ, यूटाच्याच वाळवंटात होती. मिसाका यांचे गाव किनाऱ्यापासून दूर असल्यामुळे त्यांच्यावर तो प्रसंग आला नाही. तथापि, आपल्यासारख्याच चेहऱ्याची माणसे काटेरी तारांच्या आड असताना त्यांना हजारो प्रेक्षकांपुढे खेळावे लागत होते.

१९४४ साली यूटाचा संघ न्यू यॉर्क येथील एका मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत पराभूत झाला. परंतु आर्कान्साच्या संघावर मोटार-अपघाताचा घाला पडल्यामुळे त्या संघाला राष्ट्रीय विद्यापीठीय स्पर्धेतून माघार घ्यावी लागली आणि त्याची जागा यूटाला मिळाली. त्या संधीचे या तरुण मुलांनी सोने केले. २८ मार्च १९४४ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या क्रीडागृहात त्यांनी डार्टमथच्या संघाला ४२ विरुद्ध ४० गुणांनी हरवले. बरोबरी सुटेना म्हणून वाढवून दिलेल्या वेळेत, अगदी अखेरच्या क्षणांत हा सामना जिंकला गेला.

विजयाचा आनंद ओसरतो न ओसरतो तोच मिसाका यांना सैन्यात दाखल व्हावे लागले. युद्ध संपल्यावर त्यांना जपानमध्ये पाठवण्यात आले. अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या हिरोशिमा नगरात, वाचलेल्या माणसांना भेटून त्यांची हकीकत नोंदवून घेण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. भूमी आपल्या पूर्वजांची आणि अंगावर गणवेश मात्र जेत्यांच्या सैन्याचा! त्या तरुणाच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पनाच करावी.

परत आल्यावर त्यांनी पुन्हा यूटाचा २० क्रमांकाचा पोशाख चढवला. १९४७ च्या मार्चमध्ये यूटाचा संघ मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आणखी एका राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना खेळत होता. समोर होता केंटकीचा बलाढ्य संघ. त्या संघातील राल्फ बिअर्ड हा देशातील अत्यंत नामांकित खेळाडूंपैकी एक. पुढे १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकन संघातही तो होता. त्याला रोखण्याचे काम मिसाका यांच्याकडे आले. मिसाका सावलीसारखे त्याच्या मागे राहिले. तो वळला, की हे वळत. तो थांबला, की हे थांबत. सामना संपला तेव्हा बिअर्डच्या नावावर केवळ एक गुण होता. यूटाने ४९ विरुद्ध ४५ गुणांनी विजय मिळवला.

त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या निक्स या व्यावसायिक संघाने मिसाका यांची निवड केली. आज ज्या संघटनेला एन.बी.ए. म्हणतात, तिच्या पूर्वरूपात खेळणारे ते पहिले श्वेतेतर खेळाडू ठरले. कृष्णवर्णीय खेळाडूंना ते द्वार १९५० साली खुले झाले. परंतु निक्सकडून मिसाका यांना केवळ ३ सामने खेळता आले. त्यांत त्यांनी ७ गुण मिळवले आणि नंतर संघाने त्यांना मोकळे केले. या गोष्टीचे भांडवल त्यांनी कधी केले नाही. ते यूटाला परतले, अभियंता झाले आणि शांतपणे संसारात रमले. हळूहळू लोकांना त्यांचा विसर पडला.

असे का व्हावे? खेळाच्या वहीत प्रत्येकाने मिळवलेले गुण लिहिले जातात. प्रतिस्पर्ध्याला मिळू न दिलेले गुण लिहिण्यासाठी मात्र तीत रकाना नसतो. मिसाका यांचे मोठेपण नेमके त्या न लिहिलेल्या गुणांत होते. केवळ वही पाहणाऱ्याला ते दिसले नाही, यात नवल नाही.

कोणी विचारील, इतक्या वर्षांनी सन्मान करून काय साधणार? ज्याचा सन्मान करावयाचा, तो तर त्यासाठी हात पसरून उभा नाही! परंतु सन्मान ही केवळ घेणाऱ्याची गरज नसते; देणाऱ्याचेही ते कर्तव्य असते. जो संघ फक्त गुण मिळवणाऱ्यांनाच लक्षात ठेवतो, त्या संघातील मुले पुढे केवळ गुणांसाठीच धडपडू लागतात. दुसऱ्याला साह्य करणारे आणि संकट अडवून धरणारे हात मग दुर्मीळ होतात. उलट, छताकडे पाहून एखाद्या लहानखुऱ्या मुलाला, किंवा चारचौघांहून वेगळ्या दिसणाऱ्या मुलाला, ‘येथे मलाही स्थान आहे’ असे वाटले, तर त्या पटाचे सार्थक झाले.

यूटा विद्यापीठाला हे कर्तव्य उमगले. २२ जानेवारी २०२२ रोजी २० हा क्रमांक सन्मानपूर्वक राखून ठेवण्यात आला आणि मिसाका यांचे नाव आपल्या सोबत्यांच्या नावांशेजारी झळकू लागले. मात्र तो दिवस पाहण्यास ते स्वतः हयात नव्हते. नोव्हेंबर २०१९ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

वहीतील चूक अखेर दुरुस्त झाली. परंतु तिला पंचाहत्तर वर्षे लागली, ही गोष्ट प्रत्येक संघाने, प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक गावाने मनाशी जपून ठेवावी. आपल्यातही असे एखादे नाव लिहावयाचे राहून गेले नाही ना, हे वेळीच पाहिले पाहिजे.

स्वाध्याय

१. बास्केटबॉल संघ एखाद्या खेळाडूचा क्रमांक कशासाठी राखून ठेवतात?
२. १९४७ च्या अंतिम सामन्यात मिसाका यांनी कोणती कामगिरी केली?
३. ‘सन्मान ही केवळ घेणाऱ्याची गरज नसते; देणाऱ्याचेही ते कर्तव्य असते.’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : खांद्याला खांदा लावणे, संधीचे सोने करणे, पितृछत्र हरपणे.
५. तुमच्या शाळेसाठी वा गावासाठी झटलेल्या, परंतु फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.