साक्षांकन नमुन्यातील ‘नाही’

पोलीस दलात निवड झालेल्या उमेदवाराच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी करताना एखाद्या किरकोळ गुन्ह्याची नोंद सापडली की नोकरी गेलीच, अशी समजूत भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांमध्ये घट्ट रुजलेली आहे, आणि तिच्याच पोटी साक्षांकन नमुन्यात, म्हणजे निवडीनंतर उमेदवाराने स्वतः भरून सहीनिशी द्यावयाच्या माहितीपत्रात, गुन्ह्यांविषयीच्या रकान्यासमोर ‘नाही’ असे लिहिले जाते. वस्तुतः जुना क्षुल्लक गुन्हा दुर्लक्षून नियुक्ती द्यावी की नाही, हा निर्णय नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या विवेकाधीन असतो; मात्र गुन्ह्याची माहिती उमेदवाराने स्वतःच त्याच्यापुढे ठेवणे अपेक्षित असते.

या विवेकाच्या मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात आखून दिल्या. तरुण वयात दिलेल्या घोषणा किंवा तत्सम क्षुल्लक गुन्हा, जो उघड केला असता तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तो लपवला गेला असेल तर ती चूक माफ करण्याची मुभा नियोक्त्याला आहे. परंतु एकाहून अधिक प्रलंबित खटले जाणीवपूर्वक दडवणे ही गंभीर बाब ठरते, आणि सर्व काही खरे सांगितले तरी नियुक्ती दिलीच पाहिजे असे बंधन नियोक्त्यावर येत नाही. हे शेवटचे कलम उमेदवारांना कोणी समजावून सांगत नाही, आणि खरे सांगूनही नाकारला गेलेला मुलगा मग पुढच्या भरतीत खोटे लिहायला धजावतो.

उमेदवारांची कागदपत्रे पाहताना प्रस्तुत लेखकाला सर्वाधिक वेळा जाणवलेली अडचण खोटेपणाची नव्हे, अज्ञानाची आहे, कारण आपल्यावरील खटल्याचा शेवट नेमका कसा झाला हेच पुष्कळांना ठाऊक नसते. जुगाराच्या अड्ड्यावर इतरांबरोबर पकडलेला किंवा सार्वजनिक ठिकाणी आरडाओरड केल्याबद्दल न्यायालयापुढे उभा केलेला तरुण, तारखांचा फेरा टाळण्यासाठी, गुन्हा कबूल करून काही शे रुपये दंड भरतो आणि प्रकरण मिटले असे समजून घरी जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती दोषसिद्धी, म्हणजे गुन्हा शाबित झाल्याचा निर्णय असतो. याउलट भाऊबंदकीतल्या मारहाणीचा गुन्हा कायद्याने तडजोडयोग्य असून न्यायालयात रीतसर मिटला, तर त्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा होतो. आंदोलनातील खटले मागे घेण्याचा शासन निर्णय निघाला तरी न्यायालयाची संमती मिळून आदेश होईपर्यंत खटला जिवंतच राहतो, आणि वर्तमानपत्रातील बातमीवर विसंबून ‘प्रलंबित नाही’ असे लिहिणारे येथे फसतात.

निर्दोष मुक्तता झाली म्हणजे सारे धुऊन निघाले, असेही नाही. साक्षीदार फितूर झाल्याने किंवा संशयाचा फायदा मिळाल्याने सुटलेल्या उमेदवाराच्या योग्यतेचा पोलीस दल स्वतंत्र विचार करू शकते, असे 2013 मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. 2022 मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रकरणात हाच कठोर सूर लागला, तर 2024 मध्ये उत्तर प्रदेशातील एका शिपायाला, पूर्वीच निर्दोष सुटलेला खटला नमूद केला नसतानाही, न्यायालयाने दिलासा दिला. निकालांची ही ओढाताण पाहता दुसऱ्याच्या निकालाच्या भरवशावर आपला रकाना भरणे धोक्याचे आहे. बालवयातील कृत्यांना मात्र बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 चे भक्कम संरक्षण आहे, कारण प्रौढ म्हणून खटला चाललेल्या सोळा वर्षांवरील मुलांचा अपवाद सोडता, त्या दोषसिद्धीतून कोणतीही अपात्रता उद्भवत नाही.

म्हणून नमुना भरण्यापूर्वी न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत काढावी आणि प्रत्येक प्रश्न त्याच्या शब्दांनुसार वाचावा. केंद्रीय दलांच्या प्रचलित नमुन्यात अटक, खटला, स्थानबद्धता, बंधपत्र, दंड आणि दोषसिद्धी यांविषयी वेगवेगळे विचारलेले असते, त्यामुळे निर्दोष सुटलेल्या उमेदवारालाही ‘कधी अटक झाली होती का’ याचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते, आणि चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता राखण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाईत, बंधपत्र लिहून दिलेले असेल तर तेही सांगावे लागते. जे विचारलेच नाही ते न सांगितल्याबद्दल उमेदवाराला दोषी धरता येत नाही, असे अवतार सिंग निकालात स्पष्ट म्हटले असल्याने संदिग्ध नमुने छापणाऱ्या कार्यालयांवरही काही जबाबदारी येते, जरी ती क्वचितच कोणी मनावर घेते. नमुना दिल्यानंतर नवा गुन्हा दाखल झाला, तर नियुक्ती प्राधिकाऱ्याला लेखी कळवून त्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा, कारण पुढे वाद निर्माण झाल्यास माहिती वेळेत दिल्याचा पुरावा उमेदवाराकडे तेवढाच असतो.