ओंजळभर पाणी



१ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीने बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. तिला अटक झाली आणि तेथील कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. ही हकीगत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. तिच्या २८ वर्षे आधी आपल्याच कोकणात, महाडला जे घडले ते मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो.

महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. तेथे इतर सारे पाणी भरत, गुरेढोरेही पाणी पीत. अस्पृश्य मानलेल्या माणसांना तेवढी बंदी होती. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तीन वर्षे गेली, पण त्या तळ्यावर जाण्याची सोय नव्हती. हक्क कागदावर होता, ओंजळीत नव्हता.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या हजारो स्त्री-पुरुषांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. थोड्याच वेळात ‘हे लोक आता देवळात शिरणार’ अशी अफवा उठली आणि परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. अनेक जण जखमी झाले. चिडलेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी आवरले, उलट हात उचलू दिला नाही. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. डिसेंबरमध्ये ते पुन्हा महाडला आले, तेव्हा कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम होता. तो त्यांनी पाळला आणि लढा कोर्टात नेला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

धैर्य म्हणजे केवळ पहिले पाऊल नव्हे. मार खाऊनही द्वेष न करणे आणि निकाल लागेपर्यंत न थकणे, हेही धैर्यच.

प्रभू येशूने विहिरीवर शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले, हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्या हातचे पाणी त्याला चालत होते. आपले काय? आपल्या बिल्डिंगमध्ये झाडू मारणाऱ्या माणसाला आपण कोणत्या कपात चहा देतो? घरकामाला येणाऱ्या बाईचा पेला वेगळा ठेवलेला आहे का? मुलामुलीचे लग्न ठरवताना, एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेणारे आपण, समोरच्याची जात विचारतो का?

महाडच्या माणसांना तळ्यापर्यंत जाण्यासाठी जीव धोक्यात घालावा लागला. आपल्याला फक्त फडताळातला तो वेगळा पेला काढून बाकीच्या पेल्यांत ठेवायचा आहे. या आठवड्यात तेवढे करू या, आणि का केले ते मुलांना सांगू या.

तुमचे धर्मगुरू