'मुळशी पॅटर्न'चा हिशेब

कर्जत-खालापूरच्या व्यापारी व कारागीर बांधवांना जमिनीचे व्यवहार नवे नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, खालापूरच्या जमिनीला भाव आला, कर्जतकडे फार्महाऊस उभी राहिली. म्हणून प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या चित्रपटाकडे आपण धंद्याच्या नजरेने पाहू.

गावचा पाटील जमीन विकतो. पैसा खर्चात जातो आणि पाटलावर पुण्यात हमालीची वेळ येते. मुलगा राह्या गुन्हेगारीत शिरतो व जिवाला मुकतो. टीकेचा रोख जमिनी गिळणाऱ्या पैशावर आहे. पण तरुणांच्या मनात भरला तो राह्याचा रुबाब. आणि दुकानदार म्हणाले, हा शेतकऱ्यांचा प्रश्न, आपला काय संबंध? दोघांनीही अर्थ चुकीचा घेतला.

जमीन, गाळा, यंत्र हे भांडवल आहे. ते विकून आलेली रक्कम म्हणजे नफा नव्हे. समजा, एका वेल्डरने गाळा २० लाखांना विकला. १२ लाखांची गाडी घेतली, ५ लाख लग्नात गेले. उरलेल्या ३ लाखांतून तो महिना १० हजार भाड्याने दुसरा गाळा घेतो. अडीच वर्षांत तेही संपतील. गाडीची किंमत तर रोज उतरतेच आहे.

इब्ने माजामधील एका हदीसचा आशय असा, की घर विकून ती रक्कम तशाच मालमत्तेत न घालणाऱ्याला त्यात बरकत मिळत नाही. चित्रपटातील पाटलाचे नेमके हेच झाले.

दलाली करणाऱ्या बांधवांनीही ध्यानात घ्यावे. माल घेऊन येणाऱ्याला बाजारभाव कळण्यापूर्वीच वाटेत गाठून सौदा करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. भाव न कळलेल्या म्हाताऱ्याकडून गुंठे घेणे याहून वेगळे कसे?

तेव्हा तीन गोष्टी पाळाव्यात :

१. विक्रीपूर्वी दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. आजूबाजूच्या नोंदलेल्या व्यवहारांची माहिती काढावी.

२. रक्कम हाती येताच आधी दुसरा गाळा, जमीन वा यंत्र घ्यावे. गाडी व समारंभ नफ्यातून करावेत.

३. उधारी व मुदत लेखी ठेवावी, साक्षीदार घ्यावेत. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत हाच आदेश आहे.

मुलांना हा चित्रपट जरूर दाखवावा, पण सोबत बसून. राह्याची ऐट पाहून झाली, की त्यांना एकच प्रश्न विचारावा : जमिनीचे पैसे गेले कुठे?